विजेची गाडी आणि विद्यार्थ्यांची शर्यत

बिदर शहरात महमूद गवानाचा मदरसा पाहावयास जाणाऱ्या प्रवाशाची दृष्टी प्रथम त्या एकाकी मिनाराकडे जाते. इ. स. १४७२ मध्ये बहामनी राज्याच्या या वजिराने हे विद्यापीठ उभारले. दूरदूरच्या देशांतून विद्वान येथे आले आणि रंगीत कौलांनी मढलेल्या भिंतींच्या आड गणित, ज्योतिष व वैद्यक यांचे पाठ चालू झाले. पुढे सतराव्या शतकाच्या अखेरीस, औरंगजेबाच्या अमदानीत, तेथे साठविलेल्या दारूचा स्फोट होऊन इमारतीचा मोठा भाग कोसळला. विद्येच्या घरात शक्ती साठवावी, पण तिच्यावर राखण ठेवू नये, तर काय घडते याचा हा धडा बिदरकरांच्या डोळ्यांसमोर आजही उभा आहे.

या जुन्या वास्तूची आठवण होण्याचे कारण असे की, आजचा अभियांत्रिकीचा विद्यार्थीही साठविलेल्या शक्तीशीच खेळतो आहे. ही शक्ती म्हणजे बॅटरीत कोंडलेली वीज. आपल्या हातांनी गाडी बांधावयाची, तिला विजेवर पळवावयाचे आणि देशोदेशींच्या विद्यार्थ्यांशी स्पर्धा करावयाची, असा हा उद्योग आहे. त्याचा इतिहास मनोरंजक आहे आणि बोधप्रदही आहे.

विजेची गाडी ही कालपरवाची कल्पना नव्हे. २९ एप्रिल १८९९ रोजी कामीय जेनात्झी नावाच्या बेल्जियन गृहस्थाने पॅरिसजवळ आपली गाडी ताशी १०५ किलोमीटरहून अधिक वेगाने हाकली. ताशी शंभर किलोमीटरची मर्यादा ओलांडणारे ते पहिले रस्त्यावरील वाहन होते आणि ते विजेवर चालणारे होते. पुढे पेट्रोल स्वस्त झाले, बॅटरी मात्र जडच राहिली आणि विजेची गाडी मागे पडली. तिला पुन्हा पुढे आणण्याच्या कामी ज्यांनी हातभार लावला, त्यांत विद्यार्थ्यांचा वाटा लहान नाही.

विद्यार्थ्यांनी शर्यतीची गाडी बांधण्याची प्रथा अमेरिकेत सुरू झाली. १९८१ मध्ये तिला 'फॉर्म्युला एस. ए. ई.' हे नाव मिळाले. १९९८ मध्ये इंग्लंडमध्ये 'फॉर्म्युला स्टुडंट' ही स्पर्धा निघाली आणि २०१० साली जर्मनीत विजेच्या गाड्यांसाठी वेगळा विभाग उघडला गेला. या प्रथेचे फळ पाहावयाचे असेल, तर झुरिकच्या विद्यार्थ्यांकडे पाहावे. सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांनी बांधलेली सुमारे १४० किलो वजनाची विजेची गाडी स्थिर अवस्थेतून ताशी शंभर किलोमीटरच्या वेगापर्यंत एका सेकंदाच्याही आत पोहोचली.

आपल्या देशापुरते बोलावयाचे, तर या कथेचा एक धागा कर्नाटकातूनच निघतो. बंगळूरचे चेतन मैनी हे अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात शिकत असताना तेथील विद्यार्थ्यांच्या पथकात होते. या पथकाने सूर्यप्रकाशापासून वीज मिळवून धावणारी 'सनरनर' ही गाडी बांधली. १९९० च्या जुलैमध्ये फ्लोरिडापासून मिशिगनपर्यंत झालेल्या शर्यतीत ३२ पथके उतरली होती; तीत सनरनर पहिली आली. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात डार्विन ते ॲडलेड या सुमारे ३,००० किलोमीटरच्या मार्गावर तिने तिसरा क्रमांक मिळविला. विद्यार्थिदशेतील हा अनुभव वाया गेला नाही. २००१ साली बंगळुरात 'रेवा' ही छोटी विजेची मोटार रस्त्यावर आली, ती याच मैनींच्या पुढाकाराने. २०१० मध्ये रेवा कंपनीची बहुसंख्य मालकी मुंबईच्या महिंद्र उद्योगसमूहाकडे आली. विद्यार्थ्यांच्या शर्यतीतून एक उद्योग कसा उगवतो, याचे हे उदाहरण आहे.

महाराष्ट्रातही हे बी रुजले. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेतील विद्यार्थ्यांनी पवईच्या आवारात आपले शर्यत-पथक उभे केले. २०१२ मध्ये त्यांनी 'इव्हो' ही विजेची गाडी बांधून इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोनच्या सुप्रसिद्ध मैदानावर नेली. २०१६ ची त्यांची गाडी 'ऑर्का' या नावाने ओळखली गेली. पथकातील जुने विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडतात, नवे येतात. परंतु पहिल्यांच्या चुका दुसऱ्यांच्या वहीत उतरलेल्या असतात. परंपरा म्हणतात ती हीच.

ही स्पर्धा केवळ वेगाची नव्हे, हे ध्यानात ठेवावयास हवे. एकंदर हजार गुणांपैकी काही गुण गाडी धावण्यापूर्वीच ठरतात. हा सांधा असाच का जोडला, हा धातू का निवडला, खर्च किती आला, असे प्रश्न परीक्षक विचारतात आणि उत्तर विद्यार्थ्यानेच द्यावयाचे असते. त्यानंतर तपासणी येते. विजेच्या गाडीत शेकडो व्होल्टचा दाब खेळत असतो. म्हणून त्या तारांना नारिंगी वेष्टण लागते, प्रवाह तात्काळ तोडणारी कळ लागते आणि वीज कोठे गळते काय याची सतत खबर घेणारे यंत्रही लागते. गाडीवर पावसासारखे पाणी फवारले जाते. त्या वेळी वीज गळाली, तर वर्षभराची मेहनत फुकट जाते. या सर्वांतून पार पडल्यावरच गाडी मैदानात उतरते. शेवटची कसोटी सुमारे २२ किलोमीटरच्या दौडीची असते. मध्यावर चालक बदलावा लागतो. वेगाने निघालेल्या कित्येक गाड्या या दौडीत अर्ध्यावरच थांबतात. कोणाची बॅटरी तापते, कोणाची एखादी तार सुटते. मदरशातील दारूवर जी राखण नव्हती, ती येथे नियमाने करावी लागते.

११ फेब्रुवारी २०२३ रोजी हैदराबादेत हुसेनसागराच्या काठी विजेच्या गाड्यांची जागतिक शर्यत झाली. भारतातील ती पहिलीच. बिदर-कलबुर्गीच्या माणसाला हैदराबाद परके नाही. १९५६ पर्यंत हे दोन्ही जिल्हे मराठवाड्यासह त्याच राज्यात होते. परंतु २०२४ ची शर्यत रद्द झाली आणि तो सोहळा एका वर्षाचाच ठरला. बाहेरून आणलेला सोहळा बाहेरच्या बाहेर निघूनही जातो. हातांनी कमावलेली विद्या मात्र गावात राहते.

आणि हातांची विद्या या सीमाभागाला नवी नाही. बिदरी कारागीर जस्तात थोडे तांबे मिसळून भांडे ओततो, त्यावर कोरीव रेघा काढून चांदीची तार ठोकतो आणि किल्ल्यातील मातीच्या लेपाने त्याला काळेभोर झळाळ आणतो. कोणत्या मातीने रंग चढेल, हे तो जिभेवर ठेवून ओळखतो, असे सांगतात. कलबुर्गी जिल्ह्यातील शहाबादची फरशी महाराष्ट्रातील कितीतरी घरांत अंथरलेली आहे. दगड, धातू आणि त्यांचा स्वभाव जाणणारी माणसे येथे पिढ्यानपिढ्या आहेत.

विद्येची सोयही झालेली आहे. मुंबईची संस्था निघाली त्याच १९५८ साली कलबुर्गीत पूज्य दोड्डप्पा अप्पा अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. पुढे बिदर व भालकी येथेही अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली. २०१७ मध्ये बिदर-कलबुर्गी रेल्वेमार्ग पूर्ण होऊन दोन्ही शहरे रुळांनी जोडली गेली. असे असूनही या भागातील हुशार मुलगा पदवी हाती पडताच बंगळूर, पुणे वा हैदराबादची गाडी पकडतो. घरी उरतात ती वृद्ध आई-वडील आणि भिंतीवर लावलेले प्रमाणपत्र.

हा प्रवाह एका शर्यतीने उलटेल, असे मानणे भाबडेपणाचे होईल. पण जो विद्यार्थी स्वतः पोलाद वाकवितो, जोड देतो, गाडी बंद पडली की रात्रभर दोष शोधतो, तो परीक्षेच्या उत्तरपत्रिकेपलीकडचे काही शिकतो. त्याच्या पथकात कन्नड बोलणारा असतो, मराठी बोलणारा असतो, उर्दू बोलणाराही असतो. निसटलेला बोल्ट मात्र कोणाची भाषा विचारीत नाही. शिवाय ज्याने एकदा विजेवर धावणारे चाक बांधले, त्याला शेतकऱ्याचा पंप, तूर भरडण्याची गिरणी किंवा गावची रिक्षा विजेवर चालविण्याचा विचार अशक्य वाटत नाही. मिशिगनच्या पथकातील एका विद्यार्थ्याने बंगळुरात मोटार आणली. भालकीच्या विद्यार्थ्याने तुरीच्या गिरणीपासून आरंभ केला, तरी त्यात कमीपणा नाही.

महमूद गवानाने विद्वानांना दूरदेशांहून बिदरला बोलाविले. आज बिदरची मुले दूरदेशी जातात. त्यांच्यातील काहींना परत यावेसे वाटेल असे काम येथे उभे राहावे, आणि त्या कामाचा पहिला खिळा त्यांनी विद्यार्थी असतानाच ठोकलेला असावा, एवढीच अपेक्षा.