धरणांच्या पाणलोटातील जमिनीची धूप (वऱ्हाड)

पावसाने शेतातील माती खरडली जाऊन नदीवाटे जलाशयात उतरणे. अकोला शहराला पाणी देणारे महान येथील काटेपूर्णा धरण आणि अमरावतीला पाणी पुरवणारे मोर्शी तालुक्यातील ऊर्ध्व वर्धा धरण, ही या प्रदेशातील ठळक उदाहरणे. काटेपूर्णा वाशीमच्या बाजूने येते, तर वर्धा मध्य प्रदेशात मुलताईजवळ उगम पावते. म्हणजे धरण एका जिल्ह्यात आणि माती येते दुसऱ्यातून.

सगळा गाळ मृत साठ्यात (तळाच्या, वापरता न येणाऱ्या पाण्यात) बसतो, हा समज चुकीचा आहे. जाड कण नदी जलाशयात शिरते तेथेच थांबतात आणि उपयुक्त साठा खातात. बारीक चिकणमाती मात्र धरणाच्या भिंतीपर्यंत पोचते. वऱ्हाडच्या काळ्या जमिनीत या बारीक मातीचेच प्रमाण मोठे. एका हेक्टरवरचा 1 मिमी थर गेला, तर सुमारे 10 घनमीटर माती जाते, आणि एवढा थर गेलेला डोळ्यांना दिसतही नाही.

बांध घालणे हा जुना उपाय. पण भारी काळ्या जमिनीत समपातळी बांध फसतात. उन्हाळ्यात त्यांना भेगा पडतात, पहिल्या जोरदार पावसात पाणी तेथूनच वाट काढते आणि बांध फुटतो. नाही फुटला, तर वरच्या बाजूला पाणी तुंबून पऱ्हाटी पिवळी पडते आणि शेतकरी स्वतःच धुरा (बांध) फोडतो. यात त्याची चूक काढता येणार नाही. अशा जमिनीला पाणी हळूहळू बाहेर काढणारे ढाळीचे बांध, उताराला आडवी पेरणी आणि वाळ्याची (खस) ओळ हे उपाय अधिक मानवतात. वाळ्याच्या ओळींवर अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात कामही झाले आहे. अडचण वेगळीच आहे: वाटण्या होऊन शेते उताराच्या दिशेने लांबट झाली, आणि अशा पट्टीत आडवे तास घ्यायचे तर दर काही पावलांवर वळावे लागते.

2017 पासूनच्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेतून गाळ शेतात परत नेता येतो. मुरमाड, बरड रानाला तो लाभतो. मुळातच भारी असलेल्या जमिनीला त्याचा उपयोग थोडा.

पाणलोटात जमीन झाकलेली आहे की उघडी, यावरही धूप ठरते. तेल्हारा तालुक्यातील वाण धरणाचे पाणलोट बहुतांशी मेळघाटच्या जंगलात असून तेथे पावसाचा पहिला मारा पालापाचोळ्यावर पडतो. काटेपूर्णेच्या वरच्या शेतांत त्याच दिवसांत सोयाबीन जेमतेम बोटभर उगवलेले असते.