थकव्याचं माप

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात, आर्णी तालुक्यातल्या उमरी पठारला संत डोला महाराज वृद्धाश्रम आहे. अशा ठिकाणी कोणी खंगलं की आपण म्हणतो, "वय झालं, चालायचंच!"

लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स इस्पितळात १९३५ पासून डॉ. मार्जरी वॉरन यांनी हे मानलं नाही. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना त्यांनी एकेक करून तपासलं. कित्येक पुन्हा चालू लागले. पुढे २००१ मध्ये अमेरिकेत डॉ. लिंडा फ्रीड यांनी पाच खुणा ठरवल्या: आपोआप वजन घटणं, सतत थकवा, मुठीत जोर नसणं, मंद चाल, कमी हालचाल. तीन जुळल्या तर माणूस जर्जर. एक-दोन म्हणजे अलीकडची पायरी.

माझ्या दोन जुळतात, मंडळी! म्हणजे सावरायला वाव आहे.

वृद्धाश्रमात फळं घेऊन जाल, तेव्हा आजोबांचं वजन गेल्या वर्षी किती होतं, तेही विचारा.