गंगाधरपंत, गोपिकाबाई आणि इब्राहिमखान

डिसेंबर २०२१ मध्ये नाशिकला ९४ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष होते डॉ. जयंत नारळीकर. प्रकृतीमुळे ते येऊ शकले नाहीत. २० मे २०२५ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही विज्ञानकथा मात्र पुन्हा पुन्हा वाचावी अशी आहे.

पुण्याचे इतिहासकार गंगाधरपंत एका अपघातानंतर वेगळ्याच इतिहासाच्या जगात जातात. तिथे पानिपतावर विश्वासरावांना लागायची गोळी कानाला चाटून जाते आणि मराठे जिंकतात. पंत तिथल्या मुंबईत हिंडतात, ग्रंथालयात बसतात. आझाद मैदानावरच्या सभेत रिकामी खुर्ची दिसताच अध्यक्ष म्हणून जाऊन बसतात. लोक चिडतात, अंडी-टोमॅटो फेकतात. परक्या काळात बेफिकीरपणे खुर्ची बळकावणाऱ्याची ही गत वाचून हसू येते. पण त्यात इशाराही आहे. एच. जी. वेल्सच्या १८९५ च्या कादंबरीतला कालप्रवासीही असाच. भविष्यात जाऊन त्याने लावलेली आग जंगलभर पसरते आणि त्याच्या भरवशावर आलेली वीना त्या रात्री हरवते. काळाच्या पलीकडे जाणारा नुसता पाहुणा नसतो, त्याच्यावर तिथल्या माणसांची जबाबदारी येते.

ती गोळी खरेच चुकवता आली असती तर? नाशिकजवळच्या गंगापुरात जिचे उत्तरायुष्य गेले, त्या गोपिकाबाईंना विचारावे लागेल. विश्वासराव १७६१ मध्ये पानिपतावर पडले, माधवराव १७७२ मध्ये क्षयाने गेले, नारायणरावांचा १७७३ मध्ये शनिवारवाड्यात खून झाला. थोरला वाचला असता, तर आईचे एक दुःख टळले असते. पण मग मधल्याला पेशवाई मिळाली नसती, आणि माधवरावांनी सावरलेले राज्य ज्या रूपात आपण जाणतो तेही नसते. एकाला वाचवताना दुसऱ्याचे आयुष्य बदलते. याचा हिशेब कोणी द्यायचा?

यंत्राशिवाय कालप्रवास करणारे आज पुष्कळ आहेत. ते १७६१ मध्ये जातात, दोन धर्मांच्या दोन फौजा पाहतात आणि सूड घेऊन परततात. शाळेत पानिपतचा धडा आला की वर्गातल्या मुस्लिम मुलाकडे माना वळतात, हे आपल्यापैकी अनेकांनी अनुभवले आहे. त्या प्रवाशांनी १४ जानेवारीला रणांगणावर जरा थांबून पाहिले असते, तर मराठ्यांच्या तोफखान्यापाशी इब्राहिमखान गारदी दिसला असता. त्याच्या गारद्यांनी रोहिल्यांची फळी मोडली आणि त्यात त्यांचीही बहुतेक माणसे कामी आली. जखमी इब्राहिमखान पकडला गेला आणि कैदेत मारला गेला. आणि अब्दालीच्या बाजूला, शुजाउद्दौल्याबरोबर, अनुपगिरी गोसाव्याची पथके लढत होती.

म्हणून इब्राहिमखानाचे नाव आपण केवळ बचावासाठी पुढे करू नये. तसे केले तर आपणही रिकाम्या खुर्चीवर बसणारेच ठरू. गेलेला काळ ही मेलेल्यांची अमानत आहे. ती पाहायला जावे, पण तिथे जे होते ते सगळे पाहावे, आपल्या सोयीचे तेवढेच नाही. पुढच्या वेळी वर्गात माना वळतील, तेव्हा फळ्यावर विश्वासरावांच्या शेजारी इब्राहिमखानाचेही नाव लिहिलेले असावे, इतकेच.