मेन्सियस आणि राजसत्तेची मर्यादा

प्राचीन चीनमध्ये राजा ‘स्वर्गपुत्र’ मानला जाई. परंतु दुराचारामुळे स्वर्गाचा आदेश तो गमावू शके. इ. स. पूर्व चौथ्या शतकातील तत्त्वचिंतक मेन्सियस याने प्रजेला राजाहून श्रेष्ठ स्थान दिले. शांग वंशाच्या अखेरच्या राजाचा अंत हा राजवध नव्हे काय, असे छी राज्याच्या शुआन राजाने त्याला विचारले. करुणा व न्याय यांचा घात करणारा राजा राहतच नाही, असे त्याने उत्तर दिले. हे तत्त्व लागू करणारे न्यायपीठ मात्र निर्माण झाले नाही. सारा भार स्पष्टवक्त्या मंत्र्यांच्या धैर्यावर राहिला. तरीही १३९४ मध्ये मिंग सम्राट होंगवू याच्या आज्ञेने मेन्सियसच्या ग्रंथातील ८५ उतारे वगळण्यात आले. सुमारे सतरा शतकांनंतरही सिंहासनाला या विचाराचे भय वाटत होते, हे यावरून दिसते.