बाजार न पडता पडलेला निर्देशांक

जानेवारी १९८२ मध्ये कॅनडातील व्हँकूव्हर शेअर बाजाराने आपला नवा, संगणकाने मोजला जाणारा निर्देशांक सुरू केला. आरंभीचे मूल्य ठरले १,००० अंश. खाणी आणि तेलाच्या शोधात असलेल्या लहान कंपन्यांचा हा बाजार. चढउतारांचे तेथे कोणाला अप्रूप नव्हते. परंतु हा निर्देशांक महिन्यामागून महिने उतरतच गेला. शुक्रवार, २५ नोव्हेंबर १९८३ रोजी तो ५२४.८११ वर येऊन थांबला. नवल असे की, समभागांचे भाव मात्र एकूणात ढासळलेले नव्हते.

दोष सापडला तो संगणकाच्या आज्ञावलीत. प्रत्येक व्यवहारानंतर, म्हणजे दिवसाला सुमारे ३,००० वेळा, निर्देशांक नव्याने काढला जाई आणि तिसऱ्या दशांश स्थळापुढील अंक सरळ छाटले जात. ५४०.३२१८ ही संख्या जवळच्या अंकाला नेली, म्हणजे तिचे पूर्णांकन केले, तर ५४०.३२२ मिळते, छाटली तर ५४०.३२१ उरते. पूर्णांकनातील चूक कधी वर जाते, कधी खाली, आणि बहुतांशी आपोआप फिटते. छाटणीतील चूक सदैव खालीच जाते. दर वेळी सरासरी ०.०००५ अंश गळाला, तरी दिवसाकाठी १.५ अंश होतात. थेंबे थेंबे तळे साचते, तसे ते आटतेही!

तरीही सारा दोष छाटणीच्या माथी मारणे न्यायाचे नाही. खरी घोडचूक पुढची होती: छाटलेले मूल्यच पुढील गणिताचा पाया होत असे. दर वेळी मूळ भावांवरून हिशेब मांडला असता, तर छाटणी करूनही फरक ०.००१ अंशाच्या आतच राहिला असता. तसे न झाल्याने गुंतवणूकदार २२ महिने एका काल्पनिक मंदीकडे पाहत राहिले.

सोमवार, २८ नोव्हेंबरला दुरुस्त आकडा जाहीर झाला: १०९८.८९२. मधल्या सुट्टीत एकही व्यवहार न होता निर्देशांक दुपटीहून वर गेला होता.

ओरॅकल, पोस्टग्रेस यांसारख्या आजच्या डेटाबेसमध्ये ‘राउंड’ आणि ‘ट्रंक’ अशी दोन निराळी फंक्शन्स आहेत. जाणता प्रोग्रामर तक्त्यात पूर्ण संख्याच जपतो आणि पूर्णांकन क्वेरीच्या अखेरीस, केवळ दाखवण्यापुरते करतो.