वसईचा पाडाव आणि उत्तर कोकणातील ख्रिस्ती समाज : राजाश्रय गेल्यानंतरची श्रद्धा व संघटन (१७३९ ते १९२८)

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या इतिहासात वसईच्या मोहिमेला मानाचे स्थान आहे. चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी १७३७ साली साष्टीवर चढाई केली आणि मे १७३९ मध्ये वसईचा किल्ला जिंकला. उत्तर कोकणातील पोर्तुगीज सत्तेचा त्याबरोबर जवळजवळ शेवट झाला. या मोहिमेचे वर्णन मराठीत विपुल झाले आहे. परंतु किल्ल्यावरचे निशाण बदलल्यानंतर वसई व साष्टीच्या गावांतून राहणाऱ्या ख्रिस्ती शेतकरी, कोळी व भंडाऱ्यांचे पुढे काय झाले, या प्रश्नाकडे तुलनेने कमी लक्ष दिले गेले आहे. ज्या सत्तेच्या आश्रयाने त्यांच्या पूर्वजांनी धर्मांतर केले होते, ती सत्ता निघून गेली. हा समाज मात्र आपल्या गावी, आपल्या शेतावर राहिला. राजाश्रय गेल्यावर त्याची श्रद्धा व सामुदायिक जीवन कशाच्या आधारे टिकले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पोर्तुगीज काळातील पार्श्वभूमी

गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने १५३४ च्या तहान्वये वसई व तिचा परिसर पोर्तुगिजांना दिला. त्यानंतर फ्रान्सिस्कन, जेझुइट आदी संघांचे मिशनरी या प्रदेशात आले. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात वसई, आगाशी, निर्मळ, सांडोर, पापडी, वांद्रे, ठाणे आदी ठिकाणी चर्च उभी राहिली. मूळच्या वसईच्या गोन्सालो गार्सिया यांना १५९७ साली जपानमधील नागासाकी येथे क्रूसावर मरण आले. १८६२ मध्ये त्यांना संतपद देण्यात आले.

या धर्मप्रसाराची दुसरी बाजूही नोंदविणे आवश्यक आहे. अनेक ठिकाणी मंदिरे पाडली गेली व त्यांची उत्पन्ने चर्चकडे वळविण्यात आली. बोरिवलीजवळील मंडपेश्वराच्या लेण्यांत ख्रिस्ती प्रार्थनास्थळ करण्यात आले. १५६० मध्ये गोव्यात सुरू झालेल्या धर्मन्यायालयाचा धाक उत्तरेपर्यंत पोहोचला होता. वसईच्या मोहिमेला स्थानिक हिंदू समाजातून जो पाठिंबा मिळाला, त्यामागे हा असंतोष होता. म्हणजेच १७३९ साली येथील ख्रिस्ती समाजावर जी अनिश्चितता ओढवली, तिची बीजे आधीच्या दोन शतकांच्या राज्यव्यवहारातच होती. त्या व्यवहाराची किंमत मात्र तो करणाऱ्या अधिकाऱ्यांपेक्षा मागे राहिलेल्या रयतेला अधिक मोजावी लागली.

सत्तांतर आणि त्याचे परिणाम

किल्ला सोडताना झालेल्या करारानुसार पोर्तुगीज सैन्य व कुटुंबांना सुरक्षित बाहेर पडण्याची मुभा मिळाली. मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना आपला धर्म पाळता यावा, असेही त्यात मान्य करण्यात आले. युरोपीय धर्मगुरू, जमीनदार व अधिकारी गोव्याकडे किंवा मुंबईकडे निघून गेले. मठ ओस पडले, अनेक चर्चची पडझड झाली. काही चर्चच्या घंटा विजयचिन्ह म्हणून नेण्यात आल्या. नाशिकचे नारोशंकराचे मंदिर, भीमाशंकर व वाईजवळील मेणवली येथे अशा घंटा आजही पाहावयास मिळतात. काही ख्रिस्ती कुटुंबांना शुद्ध करून पुन्हा पूर्वीच्या जातीत घेतल्याचेही उल्लेख आढळतात.

तथापि समाजाचा मोठा भाग ख्रिस्तीच राहिला, ही लक्षणीय गोष्ट होय. केवळ राज्यकर्त्यांच्या धाकाने वा लाभाच्या आशेने धरलेला धर्म असता, तर धाक व लाभ दोन्ही संपल्यावर तो सोडून देणे सोयीचे होते. तसे झाले नाही. झेंद अवेस्ताचा अभ्यास करण्यासाठी भारतात आलेला फ्रेंच विद्वान आंकेतिल द्युपेराँ १७६० मध्ये साष्टीतून प्रवास करीत गेला. मराठी अंमलाखाली तेथील चर्च चालू असल्याचे आणि सणाला ख्रिस्ती लोक मोठ्या संख्येने जमत असल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. सुमारे त्याच वेळी, १७६०-६१ मध्ये, वांद्र्याच्या टेकडीवरील मारियामातेचे उद्ध्वस्त मंदिर पुन्हा बांधण्यात आले. सत्तांतरानंतर वीस-बावीस वर्षांत झालेली ही पुनर्बांधणी समाजाच्या आत्मविश्वासाची साक्ष देते. पेशवाईच्या कारभाराने महसूल व सुव्यवस्था यांना प्राधान्य दिले, हेही या संदर्भात ध्यानात घ्यावयास हवे.

टिकाव धरण्याची साधने

या काळात समाजाला आधार देणारे घटक प्रामुख्याने चार होते.

पहिला घटक एतद्देशीय धर्मगुरूंचा. युरोपीय मिशनरी गेल्यावर गोव्याच्या धर्मप्रांतातून आलेल्या देशी धर्मगुरूंनी धर्मग्रामांची जबाबदारी घेतली. त्यांच्यामागे आरमार नव्हते आणि सरकारी तनखाही नव्हता. गावकऱ्यांच्या दानावर व चर्चच्या उरलेल्या उत्पन्नावर त्यांचा निर्वाह होई. १७५९ मध्ये पोर्तुगालच्या राज्यातून जेझुइट संघाची हकालपट्टी झाली आणि १८३४-३५ मध्ये उर्वरित संघही बंद करण्यात आले. त्यामुळे या देशी धर्मगुरूंचे महत्त्व उत्तरोत्तर वाढतच गेले.

दुसरा घटक भाषेचा. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यात छापले गेले, हे मराठी वाचकांस परिचित आहे. त्याच शतकात फ्रान्सिस्को व्हाज द गिमारायश या धर्मगुरूने ख्रिस्ताच्या दुःखसहनाची कथा उत्तर कोकणच्या बोलीत पुराणाच्या धाटणीने रचली. उपवासकाळात येथील ख्रिस्ती लोकांत तिचे वाचन होत असे आणि एकोणिसाव्या शतकात मुंबईत तिच्या नव्या आवृत्त्याही निघाल्या. लॅटिन मिस्सा धर्मगुरूविना होऊ शकत नव्हती. पुराणाचे वाचन व जपमाळेची प्रार्थना मात्र घरच्या ओसरीवरही होऊ शकत होती.

तिसरा घटक जातीचा व गावगाड्याचा. धर्मांतरानंतरही सामवेदी, वाडवळ, कोळी, भंडारी या समाजांची वस्ती, व्यवसाय व सोयरसंबंध पूर्ववत राहिले. वसईतील केळीच्या व पानवेलीच्या बागा, साष्टीतील भातशेती आणि किनाऱ्यावरील मासेमारी यांवर त्यांची उपजीविका चालत होती व तीत सत्तांतराने मूलभूत बदल झाला नाही. लग्नातील उंबराचे पाणी आणण्याचा विधी, स्त्रियांचे लुगडे, नव्या पिकाचा आगेरा यांसारख्या रूढींतून शेजारच्या हिंदू समाजाशी असलेले नाते कायम राहिले. जातिभेद चर्चच्या आवारातही शिरला, हा या व्यवस्थेचा दोष होय. तिनेच संकटकाळी समाजाला एकत्र बांधून ठेवले, हेही तितकेच खरे.

चौथा घटक सामान्य प्रापंचिकांच्या पुढाकाराचा. सणाचा खर्च उचलणे, मूर्ती व वस्त्रे सांभाळणे, क्रूसाजवळ सायंप्रार्थना चालविणे ही कामे गावकरीच करीत. ही परंपरा पुढील संकटांतही दिसून येते. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली, तेव्हा वांद्रे, गिरगावातील खोताची वाडी आदी ख्रिस्ती वस्त्यांतून लोकांनी क्रूस उभारले व त्यांच्याभोवती उघड्यावर प्रार्थना सुरू केल्या. त्यांतील अनेक क्रूस आजही उभे आहेत.

अंतर्गत दुहीचे संकट

बाहेरील संकटापेक्षा घरातील कलह अधिक काळ टिकला. भारतातील धर्मगुरू नेमण्याचा पोर्तुगालच्या राजाचा परंपरागत हक्क, म्हणजे पाद्रोआदो, आणि रोमची प्रोपागांदा ही संस्था यांच्यात अधिकाराचा वाद होता. १७२० मध्ये इंग्रज गव्हर्नर बून याने फ्रान्सिस्कनांना मुंबईतून काढून तेथील चर्च कार्मेलाइट संघाकडे सोपविली. १७९४ मध्ये मुंबईच्या चर्चची दोन अधिकारक्षेत्रांत वाटणीच झाली : माझगाव व दादर येथील चर्च पाद्रोआदोकडे, तर भुलेश्वर व माहीम येथील प्रोपागांदाकडे.

या वादाचे चटके सामान्य कुटुंबांना बसले. एकाच वस्तीत दोन पक्ष पडले. कोणाचा धर्मगुरू खरा व कोणाच्या हातचा विवाहसंस्कार वैध, अशा शंका निर्माण झाल्या. १८५३ मध्ये माहीमच्या सेंट मायकेल चर्चच्या ताब्यावरून बिशप हार्टमन यांना विरोधी पक्षाने चर्चमध्येच वेढून ठेवले आणि अखेर सरकारी अधिकाऱ्यांना हस्तक्षेप करावा लागला. १८८६ च्या करारानंतरही दुहेरी व्यवस्था राहिलीच. ती १९२८ मध्ये संपली व वसई-साष्टीचा प्रदेश मुंबईच्या धर्मप्रांतात समाविष्ट झाला. मराठी राजवटीत जो समाज फुटला नाही, तो स्वतःच्या धर्माधिकाऱ्यांच्या स्पर्धेत दुभंगला, हा या इतिहासातील विरोधाभास होय.

ओळखीचा प्रश्न

साष्टी १७७४ मध्ये, तर वसई पेशवाईच्या अखेरीस कायमची इंग्रजांकडे गेली. रेल्वे, गिरण्या व सरकारी कचेऱ्यांमुळे मुंबईत गोवा व मंगळूरकडील ख्रिस्ती लोक मोठ्या प्रमाणावर आले. त्यांच्यापासून आपले वेगळेपण दाखविण्यासाठी मुंबई-साष्टीतील मूळच्या ख्रिस्ती लोकांनी १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव स्वीकारले. नव्या राज्यकर्त्यांकडे नोकरीसाठी सादर केलेली ती एक प्रकारची ओळखच होती. घरात मराठी बोली बोलणाऱ्या समाजाने इंग्रजी नाव धारण करावे, यातून त्याची त्या काळची अस्थिर मनःस्थिती दिसते. वसईतील ख्रिस्ती समाजाने मराठीशी असलेले नाते अधिक ठामपणे जपले. ‘सुवार्ता’ मासिकाचे दीर्घकाळ संपादक राहिलेले वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्या प्रवासाची मुळे १७३९ नंतरच्या काळातही शोधावी लागतात.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, पोर्तुगीज राज्य म्हणजे ख्रिस्ती धर्म हे समीकरण उत्तर कोकणापुरते तरी १७३९ नंतर टिकत नाही. धर्म स्वीकारण्याची कारणे आणि पुढच्या पिढ्यांनी तो पाळण्याची कारणे वेगवेगळी असू शकतात. पहिल्यांवरून दुसरी ठरविणे इतिहासदृष्ट्या सदोष आहे. दुसरा निष्कर्ष असा की, अनिश्चित काळात भव्य मठ व किल्ल्यातील चर्च यांपेक्षा गावचा क्रूस, घरची जपमाळ आणि बोलीतील पुराण यांनी श्रद्धेला अधिक आधार दिला. तिसरा असा की, सत्ताबदलामुळे झालेल्या हानीतून समाज काही दशकांत सावरला, परंतु अधिकाराच्या अंतर्गत वादातून बाहेर पडण्यास त्याला शतकाहून अधिक काळ लागला.

वसईच्या किल्ल्यातील छपरे कोसळलेली चर्च पाहताना एका समाजाचा अंत झाल्याचा भास होतो. प्रत्यक्षात तटाबाहेरच्या गावांत तोच समाज नांदत होता. १९९८ मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाला, तो त्या गावांतील अखंड परंपरेच्या आधारावर. वसईचा इतिहास पूर्ण व्हायचा असेल, तर विजेत्यांच्या व पराभूतांच्या कागदपत्रांबरोबरच या मागे राहिलेल्या माणसांच्या प्रार्थना, रूढी व बोलीतील साहित्य यांनाही साधन म्हणून स्थान द्यावे लागेल.