12 व्होल्टचा स्विच रास्पबेरी पायला थेट जोडला तर काय होतं? सुरक्षित पद्धत कोणती?

गाडी रिव्हर्सला टाकली की मागचा कॅमेरा सुरू व्हावा, टाकी भरली की घरात बझर वाजावा, मशीन किती तास चाललं याची आपोआप नोंद व्हावी. अशा कामांसाठी अनेक जण रास्पबेरी पाय वापरतात. 2012 मध्ये बाजारात आलेला हा छोटासा कॉम्प्युटर. त्याच्या पिनना स्विच जोडला की तो चालू आहे की बंद, हे प्रोग्रामला कळतं.

अडचण व्होल्टेजची आहे. गाडीची वायरिंग 12 व्होल्टची असते, कारखान्यातल्या कंट्रोल पॅनलमध्ये बऱ्याचदा 24 व्होल्ट असतात. पायच्या इनपुट पिन मात्र 3.3 व्होल्टच्या आहेत. या पिन थेट चिपला जोडलेल्या असतात. 12 व्होल्ट दिले तर पिन कायमची निकामी होऊ शकते, कधी कधी पूर्ण बोर्डच जातो. त्याच पट्टीवरच्या 2 आणि 4 नंबरच्या पिनवर 5 व्होल्ट असतात. तेही इनपुटला देऊ नयेत.

आधी काय तपासायचं?

स्विचला स्वतःचं व्होल्टेज नसतं, ते त्याच्या सर्किटमध्ये असतं. त्यामुळे स्विच जुन्या सर्किटमधून पूर्ण वेगळा करता येत असेल, तर प्रश्न तिथेच मिटतो. उदाहरणार्थ, टाकीसाठी आणलेला नवा फ्लोट स्विच. त्याची एक वायर इनपुट पिनला, दुसरी ग्राउंडला जोडायची आणि प्रोग्राममध्ये 'पुल-अप' सुरू करायचं. स्विच उघडा असताना पिनवर 3.3 व्होल्ट दिसतात, बंद झाला की शून्य.

पण रिव्हर्स लाईटसारखं चालू सर्किट असेल, तर मध्ये काहीतरी हवं.

दोन रेझिस्टर पुरेसे आहेत का?

10 किलोओहम आणि 3.3 किलोओहमचे रेझिस्टर लावून व्होल्टेज विभागता येतं. 12 व्होल्टचे सुमारे 3 व्होल्ट होतात. पण गाडी सुरू झाली की बॅटरीची वायर 14.4 व्होल्टपर्यंत जाऊ शकते. मग पिनवर जवळपास 3.6 व्होल्ट येतात, म्हणजे मर्यादेपेक्षा जास्त. शिवाय ग्राउंडकडची वायर सैल झाली, तर व्होल्टेज विभागलंच जात नाही.

ऑप्टोकप्लर कसं काम करतं?

इथे जास्त खात्रीचा पर्याय म्हणजे ऑप्टोकप्लर. पीसी817 हा त्यातला सहज मिळणारा भाग. त्यात एका बाजूला छोटा एलईडी आणि दुसऱ्या बाजूला प्रकाश पडल्यावर चालू होणारा ट्रान्झिस्टर असतो. दोन्ही बाजूंमधून वीज जात नाही, फक्त प्रकाश जातो.

जोडणी अशी करा:

- स्विचकडून येणारी 12 व्होल्टची वायर 2.2 किलोओहमच्या रेझिस्टरमधून पिन 1 ला जोडा. चिपवर ठिपका असतो ती पिन 1. 24 व्होल्ट असतील तर 4.7 किलोओहम वापरा. दोन्ही वेळा एलईडीतून साधारण 5 मिलिअँपिअर करंट जातो.
- पिन 2 गाडीच्या निगेटिव्हला जोडा.
- पिन 3 पायच्या ग्राउंडला आणि पिन 4 इनपुट पिनला जोडा. पुल-अप सुरू ठेवा.
- पिन 1 आणि 2 मध्ये 1एन4148 डायोड उलटा लावा, म्हणजे त्याची पट्टीची बाजू पिन 1 कडे. वायर उलट जोडली गेली तरी एलईडी वाचतो.

लक्षात ठेवा, इथे सिग्नल उलटा मिळतो. स्विच चालू झाला की पिनवर शून्य दिसतं. दोन्ही बाजूंचं ग्राउंड एकमेकांना जोडलं, तर वेगळेपणाचा फायदा जातो.

230 व्होल्टचं काय?

घरातल्या 230 व्होल्टसाठी वरची जोडणी वापरू नका. तिथे चुकीची किंमत जिवाने मोजावी लागू शकते. लाईट आहे की गेली एवढंच कळायला हवं असेल, तर त्या लाईनवर चांगल्या प्रतीचा 5 व्होल्टचा मोबाईल चार्जर लावा आणि त्याचं आउटपुट 1 किलोओहमच्या रेझिस्टरमधून ऑप्टोकप्लरला द्या. मेन लाईनचं वायरिंग इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

जोडण्यापूर्वी शेवटची तपासणी

इनपुट पिनची वायर शेवटी जोडा. त्याआधी स्विच चालू आणि बंद करून त्या वायरवर मल्टिमीटर लावा. पायच्या ग्राउंडच्या तुलनेत कुठल्याही वेळी 3.3 व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर जोडणी पुन्हा तपासा.